300 पानांचं मटण: कोल्हापुरात आचाऱ्याला काम देताना

जावळ असो, घरभरणी असो, नाहीतर आखाडातला एखादा रविवार, कोल्हापुरात दोन-तीनशे माणसांना मटण घालायचं ठरलं की घरात पहिला विषय निघतो तो आचाऱ्याचा. मग नावं सुचवली जातात आणि प्रत्येक नावामागं शिफारस असते ती चवीची. याच्या हाताला चव आहे, त्याचा पांढरा रस्सा एक नंबर असतो. ही शिफारस खोटी नसते, पण अपुरी असते. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, कसबा बावड्यात मोठ्या भांड्यावर वर्षानुवर्षं उभे राहिलेले आचारी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा तांबडा-पांढरा रस्सा चांगलाच असतो. तरीही काही जेवणं वेळेवर, गरम आणि शेवटच्या पंगतीपर्यंत एकसारखी होतात. आणि काहींत दीड वाजला तरी पहिली पंगत बसलेली नसते, तिसऱ्या पंगतीच्या वाटीत नुसतं तांबडं पाणी येतं. हा फरक हाताच्या चवीचा नाही. आचारी आणि त्याचे मदतनीस, भाकरीवाल्या बायका, वाढपी, खाटीक, भांडीवाला, गॅसवाला एवढी माणसं एकाच दुपारी एका मांडवात राबतात. त्यांचं काम आदल्या रात्रीपर्यंत किती ठरलेलं आहे, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून या सेवेचं परीक्षण इथं आखणीच्या अंगानं केलं आहे. आकडे 300 पानांच्या, म्हणजे 300 जेवणाऱ्यांच्या, दुपारच्या जेवणाचे आहेत. पानं निम्मी असतील तर माल निम्मा धरा, पण राबणारी माणसं निम्मी धरू नका. भट्टीजवळ एक आणि पांढऱ्याजवळ एक माणूस 100 पानांनाही लागतोच.

सेवेच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा मजुरीवरची. माल तुमचा, हात त्यांचे. आचारी यादी देतो, तुम्ही लक्ष्मीपुरीतून मसाला आणि धान्य, मार्केट यार्डातून कांदा आणि ओळखीच्या खाटकाकडून मटण आणता. पैसे वाचतात, मालावर नजर राहते. पण आखणीचा निम्मा भार आपल्याकडं आला, हे बऱ्याच घरांच्या ध्यानात येत नाही. खसखस राहिली तर भट्टी थांबते आणि कुणीतरी मोटारसायकलवरून दुकान उघडायची वाट बघत बसतो. या तऱ्हेत आचाऱ्याची पारख त्याच्या यादीवरूनच होते. कच्ची यादी नुसती नावं आणि किलो सांगते. पक्की यादी सांगते की सुकं खोबरं 5 किलो, वाट्या हव्यात, किसलेलं नको. लसूण साडेचार किलो, आदल्या दिवशी सकाळीच हवा. नारळ 65, त्याच दिवशी फोडायचे, पाणी वाजवून घ्यायचे. कोथिंबीर आणि पुदिना मात्र पहाटेच आणायचा. कोणती वस्तू कधी हवी हे यादीत लिहिणारा आचारी मिळाला तर त्याला सोडू नका.

दुसरी तऱ्हा ताटावरच्या ठेक्याची. दर ठरतो आणि माल, गॅस, भांडी, वाढपी सगळं त्यांचं. तुमची धावपळ वाचते, मात्र दर ठरवताना दोन गोष्टी बोलून घ्याव्या लागतात. एक, पानामागं कच्चं मटण किती ग्रॅम. कोल्हापुरी ताटाला 225 ते 250 ग्रॅम धरलं तर सुकंही पोटभर होतं आणि रश्शातही फोड, म्हणजे मटणाचा तुकडा, येते. 300 पानांना म्हणजे 70 किलोच्या आसपास. 150 ग्रॅमच्या हिशेबानं दर कमी सांगणारे असतात. तिथं रस्सा भरपूर आणि सुकं एकदाच वाढायचं असा प्रकार होतो. दुसरं, मटणाचा दर चढला तर वाढ कुणी सोसायची. 2019 च्या शेवटी याच शहरात मटणाच्या दरावरून लोक रस्त्यावर उतरले होते. दर दोन महिन्यांत कुठल्या कुठं जाऊ शकतो. ठेका दोन महिने आधी ठरत असेल तर त्या दिवसाचा मटणाचा दर कागदावर लिहावा आणि फरक निम्मा-निम्मा, असं काहीतरी आधीच ठरवावं. जेवणाच्या दिवशी सकाळी हा विषय निघाला की ग्रॅम कमी होतात, आणि तेही न सांगता.

खसखशीचंही बघा. ती महाग, म्हणून काही ठेकेदार पांढऱ्यात खसखशीऐवजी फुटाण्याचं डाळं वाटून घालतात. रस्सा दाट दिसतो, पण जिभेवर पीठ लागतं आणि भांड्याला बूड धरतो. काजू तुकडा आणि मगज बी वापरली तर हरकत नाही, तो पूर्वीपासूनचा मार्ग आहे. डाळं चालणार नाही, हे आधी स्पष्ट सांगा.

तिसरी तऱ्हा मंगल कार्यालयाच्या पॅकेजची. पाणी, निचरा, छप्पर, टेबलं तयार असतात, पावसाळ्यात याची किंमत कळते. तोटा वेळेचा. संध्याकाळी दुसरं कार्य असेल तर चारला स्वयंपाकघर मोकळं करावं लागतं आणि पहाटे पाचला ते उघडून मिळेलच असं नाही. ताबा किती वाजता, एवढा एक प्रश्न विचारला की पुढचा अंदाज येतो.

आमचं मत असं: 150 पानांपर्यंत आणि घरात बाजार करणारी दोन खंबीर माणसं असतील तर मजुरीवरचा आचारी उत्तम. त्यावर गेलं की ठेका द्यावा, पण पुढं सांगितलेलं विचारूनच.

अळणी झाल्याशिवाय काही हलत नाही

कोल्हापुरी मटणाच्या जेवणात सुकं, तांबडा आणि पांढरा हे तीन पदार्थ वेगळे दिसतात, पण तिघांचं मूळ एकच. हळद, थोडं मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवलं की जे पाणी उतरतं ती अळणी. शिजलेल्या फोडी सुक्याला जातात, पाण्याचा मोठा वाटा तांबड्याला, उरलेला पांढऱ्याला. लहान मुलांना आणि तिखट न चालणाऱ्यांना हीच अळणी वाटीत मिळते. म्हणजे मटण उशिरा आलं तर तीनही भांडी एकदम थांबतात आणि पुढं कितीही माणसं लावली तरी तो वेळ भरून निघत नाही. कांदा चिरायला चार माणसं जास्त लावता येतात. मटण शिजायला लागणारा वेळ माणसं वाढवून कमी होत नाही.

यातून आचाऱ्याच्या गटाची आखणी उलट्या घड्याळानं करावी लागते. पहिली पंगत साडेबाराला बसवायची असेल तर पांढरा बाराला तयार हवा. त्यात नारळाचं दूध साडेअकराला पडतं. तांबड्याची फोडणी पावणेअकराला बसायला हवी, कारण वाटण तेल सोडेपर्यंत परतायला वीस-पंचवीस मिनिटं आणि अळणी ओतल्यावर उकळायला अर्धा तास लागतो. म्हणजे साडेदहाला अळणी गाळून तयार. कोवळ्या बोकडाचं मटण उघड्या डेगीत उकळी फुटल्यापासून सव्वा ते दीड तासात शिजतं, जून असेल तर दोन तास घेतं. शंभर लिटरच्या डेगीला उकळी यायलाच पाऊण तास जातो. हे सगळं मागं मोजत गेलं की मटण सव्वासातला मांडवात हवं आणि आठच्या आत चुलीवर चढायला हवं. खाटकाला “सकाळी या” असं सांगणारा गट आणि “सव्वासात, फोडी अशा-अशा, चरबी वेगळी बांधून” असं सांगणारा गट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिवंत बकरी घेऊन कापायची असतील तर आणखी दीड-दोन तास मागं जा; एका मध्यम बकऱ्यातून 10 ते 12 किलो मटण निघतं असं धरलं तर 70 किलोला सहा-सात बकरी लागतात. मुंडी, पाय, रक्ती (रक्त), वजडी (आतडी-कोथळा) कुणाची हेही त्याच बोलण्यात मिटवावं. यावरून मांडवात झालेली कुरबूर अर्धा तास खाते.

फोडीचं माप हा बारीक वाटणारा पण मोठा मुद्दा. लहान-मोठ्या फोडी एकाच डेगीत पडल्या तर लहान विरघळतात आणि मोठ्या चिवट राहतात. माप खाटकाला आदल्या दिवशी सांगायचं असतं, सकाळी घमेल्यात मटण आल्यावर बोलून उपयोग नाही.

अळणीसाठी गरम पाण्याचं वेगळं पातेलं शेजारी चढलेलं असावं. शिजत्या मटणात गार पाणी ओतलं की उकळी बसते, वीस मिनिटं जातात. 300 पानांना तांबडा साधारण 120 लिटर लागतो, माणशी 400 मिलि, म्हणजे वाटी दोन-तीनदा भरायला पुरेल एवढा. पांढरा माणशी 250 मिलि धरून 75 लिटर. या दोन्हींचं पाणी एकाच वेळी डेगीत घालता येत नाही, ते टप्प्याटप्प्यानं गरमच पडावं लागतं. जाणता गट सकाळी सर्वांत आधी पाण्याचं पातेलं चढवतो, मटण यायच्याही आधी.

आणि राखीव अळणी. चांगल्या गटांची ही सवय आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. गाळून झाल्यावर 8-10 लिटर अळणी झाकून बाजूला ठेवतात, तिला कुणी हात लावत नाही. पाहुणे तीस-चाळीस जास्त आले तर पाणी वाढवण्याऐवजी ही अळणी आणि राखून ठेवलेलं अर्धा किलो परतलेलं वाटण एकत्र करून पंधरा मिनिटांत नवा तांबडा होतो. राखीव नसेल तर गरम पाणी आणि वर लाल तेलाचा कट, एवढाच उपाय उरतो, आणि जेवणारा तो पहिल्या घोटात ओळखतो.

मिठाचा हात एकाचाच असावा. मीठ अळणीत पडतं, वाटणात पडतं आणि कांदा-लसूण चटणीत ते मुळातच असतं. 300 पानांच्या तांबड्याला साडेतीन-चार किलो चटणी जाते, तिच्यातल्या मिठाचा हिशेब न धरता दुसऱ्यानं वरून घातलं की रस्सा खारट. मग बटाटे टाका, पाणी घाला, सगळी चव मोडते. जबाबदार गटात मिठाच्या बरणीजवळ एकच माणूस जातो आणि तोच चाखतो.

पांढरा का फुटतो

पांढऱ्याच्या तक्रारी सर्वांत जास्त आणि कारणं सर्वांत साधी. नारळाचं दूध पडल्यावर रश्शाला खळखळून उकळी आली की तो फुटतो. पाणी खाली, चोथा वर. दूध पडल्यावर आच मंद, झाकण उघडं आणि पळी सतत फिरती हवी. उकळत्या अळणीत गार दूध एकदम ओतलं तरी फुटायची भीती असते, म्हणून आधी दुधात दोन-तीन ओगराळी कोमट अळणी मिसळून घेतात आणि मग ते पातेल्यात सोडतात. खसखस, तीळ, काजू यांचं वाटण दुधाच्या आधी शिजून घ्यावं लागतं.

यात आखणी कुठं येते? पळी फिरवायला एक माणूस दोन तास अडकतो. तो माणूस आधी नेमलेला नसेल तर पाहुणे यायच्या वेळी त्यालाच कुणीतरी “जरा ताटं आण” म्हणून हाक मारतो आणि मागं उकळी फुटते. शिवाय सगळा पांढरा एकदम करण्यात शहाणपण नाही. दर पंगतीला 25 लिटर अशा तीन खेपा केल्या तर तिसऱ्या पंगतीलाही ताजा मिळतो. नारळाचं दूध मात्र पहाटे काढलेलं नको. उन्हाळ्यात ते तीन-चार तासांत आंबूस होऊ लागतं. नारळ खवून दहापर्यंत तयार, दूध अकराला काढायचं, हा क्रम बरोबर. 65 नारळांचं पहिलं-दुसरं दूध मिळून 20 ते 22 लिटर येतं आणि 75 लिटर पांढऱ्याला तेवढं पुरतं.

आदल्या रात्रीची कामं

साडेचार किलो लसूण सोलायला एका माणसाला चार-पाच तास लागतात. हे काम पहाटे केलं तर वाटण आठच्या आत होत नाही. कांदा सोलून ठेवायचा, पण चिरायचा पहाटे. रात्री चिरलेल्या कांद्याला वास येतो आणि पाणी सुटतं. सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि खडा मसाला रात्रीच भाजून गार करून डब्यात. ओलं वाटण रात्री करायचं नाही, उकाड्यात आंबतं. वाटण यंत्रावर करत असतील तर वीज जाण्याची सोय विचारा, नाहीतर गिरणीवाल्याला आधीच वेळ सांगून ठेवावी लागते.

गॅसचं गणित अनेकांचं चुकतं. मोठ्या भट्टीच्या शेगडीला तासाला दीड ते दोन किलो गॅस लागतो. चार शेगड्या पाच तास म्हणजे 30 ते 40 किलो. गॅस 19 किलोच्या दोन व्यावसायिक टाक्यांएवढा लागतो, पण टाक्या चार हव्यात, शेगडीला एक. एकाच टाकीवर दोन मोठ्या शेगड्या जोडल्या की टाकी बाहेरून गार पडते, दाब उतरतो आणि आच मरते. मग टाकीत गॅस असूनही मटण शिजत नाही. ठेकेदार घरगुती लाल टाक्या आणत असेल तर नको म्हणा. ते नियमातही बसत नाही आणि मांडवात धोक्याचंही आहे. पाणी सगळं मिळून दोन-अडीच हजार लिटर धरा, त्यातलं पिण्याचं 450 लिटर, म्हणजे वीस लिटरचे 22-23 जार. भांडी घासायचं पाणी सर्वांत जास्त लागतं आणि नेमकं तेच कुणी मोजत नाही.

भाकरी

सरावाची बाई एका चुलीवर तासाला 25 ते 30 भाकरी करते. माणशी दोन धरल्या तर 600 भाकरी, म्हणजे एका बाईचे वीस ते चोवीस तास; पाच बायका चार ते पावणेपाच तास. त्या अकराला येऊन चालत नाहीत, दहाच्या आत तवे तापायला हवेत. बुट्टीत धडप्यात (कापडात) गुंडाळून ठेवलेली भाकरी दोन-अडीच तास मऊ राहते, त्यानंतर तुटते. पहिल्या पंगतीला दोनशेवर भाकरी तयार आणि पुढचं काम पंगतींबरोबर चालू, असा वेग बसला की ठीक.

एक किलो ज्वारीच्या पिठात 11-12 भाकरी होतात, म्हणून 50 ते 55 किलो पीठ. पीठ ताजंच हवं. आठवड्यापूर्वी दळलेल्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडेला फाटते आणि बायकांचा वेग निम्म्यावर येतो. दोष बायकांना दिला जातो, चूक पिठाची असते. दळण आदल्या दिवशी टाकायला सांगा. पाणी उकळतं लागतं, त्यासाठी स्वतंत्र चूल. आचाऱ्याच्या भट्टीवरून पाणी मागायला लागलं तर दोघांचंही काम अडतं.

भाकरीवाल्या सहसा आचाऱ्याच्या गटातल्या नसतात, वेगळ्या सांगाव्या लागतात. ठेका देताना “भाकरी तुमच्याकडं ना?” असं विचारून थांबू नका. किती बायका, कुठून येणार, येण्या-जाण्याची गाडी कुणाची, एक आजारी पडली तर दुसरी कोण, इथपर्यंत जा. पाचातली एक आली नाही तर 120 भाकरी कमी पडतात आणि तेवढ्या पोळ्या बाजारातून ऐनवेळी मिळत नाहीत. काही गट आधीच 100 चपात्यांची कणीक राखीव ठेवतात, ही सोय चांगली.

पंगत आणि वाढपी

बुफेत आखणीच्या चुका झाकल्या जातात, पंगतीत उघड्या पडतात. तरी मटणाचं जेवण पंगतीतच शोभतं असं आमचं ठाम मत आहे, कारण रस्सा गरम वाढला जातो आणि माणूस पोटभर जेवतो.

100 जणांच्या पंगतीला 10 ते 12 वाढपी लागतात आणि प्रत्येकाकडं एकच पदार्थ हवा. आधी मीठ, लिंबू, कांदा, मग सुकं आणि भाकरी, मग तांबडा, मागोमाग पांढरा, शेवटी भात. तांबड्याला दोन बादल्या, कारण परत-परत मागणी त्यालाच. बसणं, जेवणं, उठणं, पुसणं धरून एक पंगत चाळीस मिनिटं घेते, तीन पंगती दोन तासांत उरकतात. एवढ्यात होत नसेल तर दोष बहुधा पत्रावळ्या उचलणाऱ्या माणसांचा असतो. ती माणसं वेगळी नेमलेली नसतात, वाढप्यांनाच उचलायला लावतात आणि मग पुढच्या पंगतीला वाढायला कुणी नसतं.

सर्वांत महत्त्वाचं काम पहिली पंगत बसायच्या आधीचं. सुक्याचे तीन वाटे तीन पातेल्यांत करून दोन पातेली झाकून बंद. हे केलं नाही तर पहिल्या पंगतीला सढळ हातानं वाढलं जातं, त्यात पुढारी आणि जवळचे नातेवाईक असतात, आणि तिसऱ्या पंगतीला, जिथं घरातल्या राबणाऱ्या बायका बसतात, तिथं हाडं आणि रस्सा येतो. हे बघवत नाही. 70 किलो मटण सगळ्यांना पुरेसं असतं. फक्त वाटे आधी पडायला हवेत. ठेका देताना ही अट घालाच.

शाकाहारी माणसांची संख्या वेगळी विचारून घ्या. त्यांच्यासाठी अख्खा मसूर किंवा भाजी, वेगळी पातेली, वेगळ्या पळ्या आणि शक्य तर वेगळी चूल. “तेवढं बघू” असं म्हणणाऱ्या गटाकडं मांडवात एकच ओगराळं दोन्हीकडं फिरतं.

चांगला गट कसा ओळखायचा

सरळ परीक्षा अशी: तुम्ही फोन केल्यावर दर सांगायच्या आधी तो किती प्रश्न विचारतो ते ऐका. पंगत किती वाजता? जागा कुठं, मातीची की फरशीची? पाण्याचा नळ भट्टीपासून किती लांब? भाकरी खाणारे किती आणि चपातीवाले किती? लहान मुलं किती? शेवटचा आकडा कधी मिळणार? हे प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात काम सुरू झालेलं असतं. “तुम्ही निवांत राहा, सगळं होतंय” असं पहिल्याच वाक्याला म्हणणाऱ्याचा दर कितीही गोड असला तरी पुढं जाऊ नका.

तुम्हीही विचारा. त्या दिवशी दुसरं काम घेतलंय का? घेतलं असेल तर मुख्य आचारी कुठं उभा राहणार? आखाडात हा प्रश्न टाळून चालणार नाही. श्रावण लागायच्या आत चार-पाच रविवार मिळतात, मंगळवार-शुक्रवारी त्र्यंबोली देवीच्या यात्रेची जेवणं असतात, आणि नाव असलेले गट एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी हात वाटून देतात. नाव एकाचं, राबणारा त्याचा शिकाऊ, असं होतं. आखाडाची तारीख दीड महिना आधी धरावी आणि मुख्य आचाऱ्याच्या हजेरीवरच आगाऊ रक्कम द्यावी. अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक मागा. नोंदणी असलेला गट तो लगेच सांगतो.

आखाड म्हणजे पाऊस हेही आलं. भट्टीवर नुसतं कापड नको, पत्रा हवा, आणि पाणी वाहून जायला उतार. लाकडावर स्वयंपाक असेल तर लाकूड चार दिवस आधी आडोशाला. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. जुलै-ऑगस्टमध्ये जेवण असेल तर खाटीक, भाकरीवाल्या आणि भांडीवाला शक्यतो पंचगंगेच्या तुमच्याच बाजूचे निवडा.

तुमच्याकडून होणाऱ्या चुकाही कमी नसतात. आकडा दोन दिवस आधी पक्का करा. आमंत्रणं किती गेली यावर नव्हे, घराघरांतून कोण येणार हे विचारून. पक्क्या आकड्यावर पाच-सात टक्के जास्त धरलं की पुरतं, त्याहून जास्त धरलं तर माल वाया जातो. आणि घरातला एकच माणूस आचाऱ्याशी बोलेल असं ठरवा. काका येऊन तिखट वाढवायला सांगतात, मामा कमी करायला सांगतात, आत्या सुकं आधी चाखायला मागवतात. तिघांचं ऐकणारा आचारी कुणाचंच नीट करू शकत नाही. तो एक माणूस पहाटे पाचला मांडवात हवा, फोनवर नको.

बिलाबाबत: ताटावरच्या ठेक्यात मोजणी माणसांची की पत्रावळ्यांची हे आधी ठरवा. पत्रावळ्यांची असेल तर सुरुवातीचे गठ्ठे दोघांनी मिळून मोजावेत आणि उरलेले शेवटी. वापरलेल्या मोजायच्या भानगडीत पडू नये. उरलेलं अन्न कुणाचं हेही तेव्हाच. मांडवात दुपारी उरलेला पांढरा रात्रीपर्यंत ठेवायचा नाही, तो सर्वांत आधी नासतो.  पैशाची शेवटची खेप भांडी मोजून झाल्यावरच द्या. भाड्याच्या पातेल्यांची झाकणं आणि ओगराळी सर्वांत जास्त हरवतात, तेवढी आल्यावर आणि गेल्यावर वेगळी मोजून लिहून ठेवा.